पाण्याचा जबाब

मुंबई-पुण्याचा जुना रस्ता हाच जेव्हा एकमेव मार्ग होता, तेव्हा बोरघाट चढून आलेल्या मोटारी खंडाळ्याच्या आसपास बॉनेट उघडे टाकून रस्त्याकडेला उभ्या असत, आणि त्यांचे मालक हातात ओले फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे ज्या साशंक आदराने पाहत, तो आदर हल्लीच्या वाहनधारकांच्या ठायी उरलेला नाही. नव्या गाडीत इंजिनाचे पाणी हा विषय मालकाच्या कानावर सहसा येत नाही, आणि आलाच तर वर्कशॉपच्या बिलातील एका ओळीच्या रूपाने येतो. परंतु ज्यांच्या दारात अद्याप प्रीमियर पद्मिनी उभी आहे, आणि जे दर पाच वर्षांनी आरटीओच्या दप्तरी तिची फेरनोंदणी करून घेण्याची तसदी निष्ठेने सोसतात, त्यांना या विषयापासून सुटका नाही. माझ्यासारख्या काहींना ती नकोही असते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडलेली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागलेली ही गाडी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीदेखील मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिचे १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण करते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो, सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, आणि जवळजवळ तेवढाच हिस्सा पाण्यास उचलून रेडिएटरपर्यंत पोहोचवावा लागतो. हा भार वाहण्यास पाण्यासारखे दुसरे स्वस्त द्रव्य नाही. त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळले, तर उष्णता वाहण्याची त्याची शक्ती थोडी कमीच होते. मग ते मिसळावयाचे कशासाठी, हा प्रश्न आपल्या हवेत कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील, आणि आजवर विचारीत आलेला आहे. थंड देशांत हिवाळ्याच्या एका रात्रीत इंजिनातील पाणी गोठून फुगते आणि लोखंडी ब्लॉक फोडते, म्हणून तिकडे हे द्रव्य आले; निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली पस्तीस अंशांपर्यंतही गोठत नाही. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ या एका वाक्याच्या आधारावर दोन पिढ्यांनी रेडिएटरात नळाचे पाणी ओतले. वाक्य निखालस खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा.

एक तर पाण्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीवरचाच सर्वत्र धरून चालत नाही. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरी पाणी १०० अंशांची वाट न पाहता ९५ च्या सुमारासच उकळू लागते. म्हणजे पसरणीच्या घाटात इंजिनावर ताण वाढत जातो, त्याच वेळी पाण्याची सहनशक्ती घटत जाते. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यातदेखील १०७ अंशांपर्यंत तग धरते, आणि रेडिएटरचे झाकण आतला दाब राखून त्यात आणखी भर घालते: दर पौंड दाबामागे दीड अंशाहून काहीशी अधिक. झाकणाची रबरी चकती कडक झाली, की ही सगळी मिळकत वाफेबरोबर उडून जाते. दुसरे कारण याहून मोठे आहे. रेडिएटर तांब्यापितळेचा, त्याचे सांधे शिसे-कथिलाच्या डाखाचे, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. एवढे भिन्न धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडवून ठेवले म्हणजे त्यांची एक विद्युत्घट माळच तयार होते, आणि त्यातला दुर्बळ धातू मुकाट्याने झिजत राहतो. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर जी संरक्षक द्रव्ये घातलेली असतात, ती हा क्षय रोखतात. मात्र त्यांचीही मुदत असते. दोनेक वर्षांत ती खर्ची पडतात, ग्लायकॉलचे स्वतःचेच आम्लात रूपांतर होऊ लागते, आणि रक्षक म्हणून नेमलेले द्रव्यच धातू कुरतडू लागते. म्हणून ते बदलावयाचे.

हे काम गॅरेजमध्ये पाऊण तासात आणि बेताच्या मजुरीत होते, हे मला ठाऊक आहे. पैसे वाचतात म्हणून स्वतः करा, असे मी कोणास सांगणार नाही. माझी तक्रार निराळी आहे: गॅरेजमध्ये जुने पाणी थेट गटारात जाते, आणि इंजिनाच्या अंतर्यामीचा जो एकमेव लेखी नसलेला परंतु अस्सल दाखला आपल्या हाती येण्याजोगा असतो, तो वाचण्याआधीच नष्ट होतो.

इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याचे हात आणि तोंड दोन्ही भाजतात, हे निराळे सांगावयास नकोच. गाडीत हिटर असेल तर त्याची कळ पूर्ण उष्णतेकडे सारावी, नाहीतर त्याच्या नळ्यांत जुने पाणी तसेच दडी मारून बसते. रेडिएटरच्या तळाशी पितळी तोटी असते, आणि जुन्या गाडीत ती बहुधा जाम झालेली असते. तिच्याशी बळजोरी केल्यास तोटी डाखासकट हाती येण्याचा संभव असल्याने, खालच्या होजपाईपची क्लिप ढिली करून तो पाईप हलकेच पिळत काढणे हा शहाणपणाचा मार्ग होय. झाकण आधी उघडलेले असावे. खाली पसरट पांढरी पाटी ठेवावी. पांढरीच, कारण आता जे पडणार आहे, त्याचा रंग पाहावयाचा आहे.

पहिली धार नेहमी खोटी बोलते. ती रेडिएटरमधली असते आणि पुष्कळदा बऱ्यापैकी स्वच्छ, हिरवट दिसते. तिच्यावर विसंबून काम आटोपते घेणारे मी पाहिले आहेत. खरा जबाब ब्लॉकमधून मागाहून येणाऱ्या पाण्याचा. ते गेरूसारखे तांबडे आणि बोटांत घेऊन चोळल्यास रवाळ लागले, तर बिडाच्या भिंती गंजत आहेत आणि संरक्षक द्रव्ये केव्हाच संपली आहेत, असे समजावे. त्यात पांढऱ्या, नखाएवढ्या पापुद्र्यांचे तुकडे तरंगत असतील, तर कोणीतरी मध्यंतरी बोअरवेलचे पाणी भरले आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे ते पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरोबर आणते आणि नेमके सर्वांत तप्त जागी, सिलिंडर हेडाच्या भोवती, त्यांचा थर चढवते. या थराची उष्णतावाहकता लोखंडाच्या मानाने इतकी क्षुद्र असते, की काटा मध्यावर दिसत असतानाही आत हेड तापून वाकडे होण्याच्या वाटेवर असू शकते. पाटीतल्या पाण्याला निळसर हिरवी झाक आली, तर ती तांब्याची. रेडिएटरच्या नळ्या झिजत असल्याची ती खूण. आणि पाण्यावर इंद्रधनुषी तेलकट साय धरली असेल, तर पुढची सर्व कृती बाजूस ठेवून इंजिन ऑइलची कांडी काढून पाहावी. तिच्यावर तेलाऐवजी दुधट लोणी दिसले, की हेड गॅस्केटचा निकाल लागला, असे धरून चालावे. अशा गाडीत नवे कूलंट भरणे हा निव्वळ अपव्यय आहे.

एक काचेची बाटली भरून हे पाणी मी खिडकीत दिवसभर उभे करून ठेवतो. खाली गाळ किती बसतो आणि वरचे पाणी कितपत नितळ होते, यावरून इंजिन किती धुवावे लागेल, याचा अंदाज येतो. लिटमसचा निळा कागद त्यात बुडवताच तांबडा झाला, तर आम्ल झाले आहे.

धुण्याची रीत उलटी असावी. पाणी रोज ज्या दिशेने फिरते, त्या दिशेने गाळ दाबून बसलेला असतो. म्हणून बागेचा रबरी पाईप रेडिएटरच्या खालच्या तोंडास फडक्याने घट्ट बसवून वरच्या तोंडाने पाणी बाहेर काढावे, आणि ब्लॉकलाही वरून खाली असेच उलटे पाणी द्यावे. जोर बेताचा ठेवावा; जुने डाख पालिकेच्या नळाचा पूर्ण जोर सोसतीलच असे नाही. क्षार फारच असतील, तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण इंजिनात थोडा वेळ फिरवून नंतर पुनःपुन्हा साध्या पाण्याने धुतात. मी हा उपाय अखेरचा मानतो, कारण जुन्या रेडिएटरमध्ये पुष्कळदा तो थरच एखादे बारीक भोक बुजवून बसलेला असतो, आणि थर गेला की भोक बोलू लागते.

याच वेळी थर्मोस्टॅट तपासून घ्यावा. ‘काका, हा व्हॉल्व्ह काढूनच टाकू या, गाडी गरम व्हायचं नावच घेणार नाही,’ असे मला एकाहून अधिक मिस्त्रींनी अगदी आपुलकीने सुचवले आहे, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बोलण्यात तथ्य असल्याचा भासही होतो. परंतु थर्मोस्टॅट नसलेले इंजिन तापावयास फार वेळ घेते, तोवर कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते, तेल पातळ होते, आणि अ‍ॅव्हरेज घटते; गरम होण्याच्या भयाने इंजिनास जन्मभर गारठ्यात ठेवण्याचा हा न्याय मला मान्य नाही. तपासणी स्वयंपाकघरात होते, गृहिणीची परवानगी मिळाली तर. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबता ठेवावा, तळास टेकू देऊ नये, आणि शेजारी तापमापक धरावा. पाणी तापत जाते तसे आधी बराच वेळ काहीच घडत नाही. मग ऐंशी अंश ओलांडल्यावर, त्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास, आतले मेण वितळून फुगते आणि पितळी चकती आपल्या बैठकीवरून केसभर, मग स्पष्ट अशी उचलली जाते. पाणी निवताना ती पुन्हा बसली पाहिजे. उघडीच राहिली किंवा उघडलीच नाही, तर नवा आणावा. त्याची किंमत गॅस्केटच्या मानाने किरकोळ आहे.

भरताना एक हिशेब सांभाळावा लागतो, आणि बहुतेकांचा घोळ येथेच होतो. इंजिन कितीही निथळले तरी ब्लॉकच्या पोकळ्यांत धुण्याचे पाणी उरतेच. म्हणून तयार मिश्रण ओतल्यास आतल्या बाकीमुळे ते पातळ होते. सरळ उपाय असा, की गाडीच्या पुस्तिकेत एकंदर जेवढी धारकता दिली असेल, तिच्या बरोबर निम्मे शुद्ध कूलंट प्रथम आत जाऊ द्यावे, आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. आतील बाकी आपोआप पाण्याच्या खाती जमा होते. शेवटचे धुणेही डिस्टिल्ड वॉटरचेच असेल, तर उत्तम. ओतणे सावकाश. गाडीचे तोंड किंचित चढावर असेल तर हवा पुढे, झाकणाकडे येते. मग झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे, वरचा होजपाईप अधूनमधून मुठीत दाबावा, बुडबुडे निघू द्यावेत; थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली जाते आणि वरचा पाईप हातास ऊन लागतो, तेव्हा पुन्हा भर घालून झाकण लावावे. हेडात अडकलेली हवा ही निव्वळ पाण्याच्या कमतरतेहून वाईट, कारण तापमापकाचे टोक वाफेत राहिले तर तो खरे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी आणि क्लिपा दोन्ही पुन्हा पाहाव्यात.

काढलेल्या पाण्याची विल्हेवाट हा मामला हलका समजू नये. ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. थोड्याशानेही मांजर मरते. सोसायटीच्या आवारात मी हे काम करतो तेव्हा पाटी क्षणभरही उघडी सोडत नाही, सांडलेले भरपूर पाण्याने धुतो, आणि जुने द्रव्य घट्ट बुचाच्या कॅनमध्ये, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, कुलपात ठेवतो. रासायनिक कचरा उचलणाऱ्यांशी ज्यांचा करार आहे अशा मोठ्या वर्कशॉपकडे विनवणी करून ते सोपवावे लागते, आणि ती विनवणी दर खेपेस नव्याने करावी लागते.

शेवटी गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर, कूलंटचे नाव, त्याची जात आणि प्रमाण यांची नोंद करतो. रंग लिहीत नाही. हिरवा म्हणजे जुन्या धर्तीचा आणि तांबडा म्हणजे सेंद्रिय आम्लांचा, ही समजूत बाजारात रूढ असली तरी रंग हा उत्पादकाच्या मर्जीचा विषय आहे. दोन भिन्न जातींची कूलंट एकाच रंगाची असू शकतात, आणि ती एकमेकांत मिसळल्यास कधी कधी चिकट गोळा धरून रेडिएटरच्या नळ्या तुंबवतात. दुकानदार रंग दाखवून विकू लागला, की मी कॅन उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचू लागतो, आणि तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.