पूनम सागर ते जिनीव्हा

पूनम सागर वसाहतीत सागर नाही, हे तेथे प्रथमच जाणाऱ्यास आधी सांगून ठेवलेले बरे. मीरा रोड स्थानकावर पूर्वेच्या अंगास उतरावे आणि भाजीवाले, रिक्षावाले ह्यांच्या गर्दीतून वाट काढीत चालू लागावे, म्हणजे इमारतींचे जे दाट रान लागते त्यातच ही वसाहत आहे. खरे पाणी पाहावयाचे तर रुळांपलीकडे, पश्चिमेस. तेथे खाडी आहे, तिवरांची झाडी आहे आणि मिठागरांचे चौकोन आहेत. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तेव्हा अनेक कुटुंबांनी ह्या बाजूची वाट धरली, त्यांत आमचे थोरले दीरही होते. गिरगावातील दोन खोल्या सोडून ते येथे आले, आणि सासूबाई त्यांच्याबरोबर आल्या. आम्ही पुण्यास राहिलो.

ह्या खेपेस मी गेले ती पुतणीस भेटण्यासाठी. अर्थशास्त्रात एम. ए. होऊन ती जिनीव्हास आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या कचेरीत सहा महिने उमेदवारी करून आली होती. हल्ली हिला इंटर्नशिप म्हणतात. मला आपला उमेदवारी हाच शब्द बरा वाटतो, कारण त्यात उमेदही आहे. ह्या संघटनेत उमेदवारास निर्वाहापुरते वेतन देतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात तेही नाही, तेथे सारे पदरचे! म्हणजे गरिबाच्या मुलीने जगाच्या गरिबीचा अभ्यास करावयाचा तर आधी घरी पैसा हवा. आमच्या मुलीच्याही विमानभाड्यासाठी आणि पहिल्या महिन्याच्या खोलीसाठी जाऊबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या. हे मला त्यांनी नव्हे, मुलीने सांगितले.

जेवणे झाल्यावर तिने जिनीव्हाचे वर्णन केले. टेकडीवरची ती लांबलचक कचेरी, आकाश निवळले म्हणजे दूरवर दिसणारे माँ ब्लाँचे हिमशिखर, सरोवरातून उंच उडणारा पाण्याचा स्तंभ, सारे तिने हौसेने सांगितले. परंतु तिला अधिक आवडली ती सरोवरकाठची जुनी इमारत. संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि ही वास्तू १९२६ साली उभी राहिली. हल्ली तेथे जागतिक व्यापार संघटना नांदते. हिच्या फाटकाच्या कुलपास म्हणे तीन किल्ल्या होत्या. एक सरकारची, एक मालकांची व एक कामगारांची.

"ह्यातली कामगारांची किल्ली आपल्याकडून कोणाच्या हाती होती, ठाऊक आहे का, काकू?" तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. लोअर परळच्या ज्या रस्त्यास ना. म. जोशी मार्ग म्हणतात, ते नारायण मल्हार जोशी! कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा हा मनुष्य, भारत सेवक समाजाचा सभासद. वॉशिंग्टनला १९१९ साली पहिली श्रमपरिषद भरली, तीत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले, आणि पुढे संघटनेच्या नियामक मंडळावरही होते. त्या परिषदेने जगाकरिता आठवड्यास ४८ तासांची मर्यादा ठरविली, पण हिंदुस्थानापुरती ६० तासांची सवलत ठेवली. आमच्या कारखान्यांच्या कायद्यात ते ६० तास १९२२ साली आले. आज हा आकडा क्रूर वाटतो, परंतु त्यापूर्वी गिरण्यांत काय चालत असे हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्याची किंमत कळेल.

"आणि घरातल्या बायकांचे तास कोणी ठरविले?" जाऊबाई आतून म्हणाल्या. त्या सासूबाईंचे अंथरूण बदलीत होत्या. सासूबाई दोन वर्षे अंथरुणास खिळून आहेत.

मुलीचे काम ह्याच प्रश्नाचे होते. बिनमोबदल्याच्या कामाचे तास निरनिराळ्या देशांच्या पाहण्यांतून काढून ती तक्त्यांत भरीत असे. संघटनेच्या २०१८ च्या एका अहवालात असा हिशेब आहे की, जगात रोज १,६४० कोटी तास घरकाम व शुश्रूषा ह्यांत विनावेतन खर्ची पडतात, आणि त्यांतले तीनचतुर्थांशांहून अधिक स्त्रियांचे असतात. आपल्या सरकारने २०२४ साली केलेल्या पाहणीत सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटे आढळले. घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८, आणि हात लावणारे मुळातच थोडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वही घेऊन स्वयंपाकघरात बसली. अशा पाहणीत चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात, आणि दिवस पहाटे चारपासून मोजतात. पाणी भरणे, डबे, सासूबाईंचे अंग पुसणे, औषध, पेज, पुन्हा औषध. "मी काय गिरणी आहे, की माझी पाळी लिहितेस?" असे म्हणून जाऊबाई रागावल्या, पण थांबल्या नाहीत. रात्री बेरीज झाली ती साडेदहा तासांची. त्यांत चार तास एकट्या सासूबाईंचे होते. थोरल्या भावजींचे चाळीस मिनिटे निघाले. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरले.

मी काही बोलले नाही. सासूबाई त्यांच्या तशा आमच्याही. ते चार तास वहीत जाऊबाईंच्या नावावर मांडले होते, त्यांतले दोन माझे होते. गणपती झाल्यावर सासूबाईंना पुण्यास न्यावे, असे मी यजमानांस अनेकदा म्हटले आहे, आणि दर खेपेस काही ना काही अडचण निघाली आहे. ती अडचण बहुधा मीच काढलेली असते. ह्या वेळी निघण्यापूर्वी मी जाऊबाईंस महिना सांगितला, आणि मुलीस तो वहीत लिहावयास लावला.

पिशवीत जाऊबाईंनी दुधातल्या दशम्या आणि चटणी घातली. मला थट्टा सुचली. मुलीस विचारले, "ह्या दशम्यांचा वेळ कोणत्या रकान्यात ग? मी काही ह्या घरची नव्हे."

ती गंभीरपणे म्हणाली, "जिनीव्हास २०१३ साली श्रमसांख्यिकांची परिषद झाली, तिने हे ठरवून टाकले आहे, काकू. वेगळ्या बिऱ्हाडात राहणाऱ्या नातलगांसाठी केलेलेही घरचेच काम धरतात."