दवाखान्याच्या कागदावरचे तोंड

दवाखान्याचा कागद घरात आला की आपल्याकडे तो बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचून ठेवतात. जपायचा, वाचायचा नाही. आमच्या पुतण्याचा कागद वहिनींनी असाच दोन महिने जपला. पोराच्या तोंडाची तिखटाने आग होई, वडापाव मोडून मोडून खावा लागे. वहिनी म्हणत, उष्णता आहे, जिरे-खडीसाखर खा.

कागदावर तीन शब्द होते. ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

आम्ही डॉक्टर नाही. पण शब्द फोडला की तो बोलू लागतो. लॅटिनमध्ये तोंडाला 'ओस' म्हणतात, त्यावरून 'ओरल'. 'सब' म्हणजे खाली. 'म्युकस' हे तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराचे नाव. 'फायब्रोसिस' म्हणजे तंतू वाढून ताठ होणे. थोडक्यात, पोराचा गाल आतून चामड्यासारखा होत चालला होता. याचे मुख्य कारण सुपारी, मग ती गुटख्यातली असो, माव्यातली असो की साध्या पानमसाल्यातली. आलेला ताठपणा सहसा पूर्ण जात नाही आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. हे सगळे फोटोमागे पडून होते!

ग्रीक भाषेत तोंड म्हणजे 'स्टोमा'. म्हणून तोंड आले की डॉक्टर 'स्टोमॅटायटिस' लिहितात. ऑपरेशन करून पोटावर शौचाची वाट काढतात, तिलाही स्टोमाच म्हणतात. 'जिंजिव्ह' दिसले की हिरड्या, 'बक्कल' दिसले की गाल. 'ग्लॉस' आणि 'लिंग्व' ही दोन्ही जिभेची. छातीत दुखल्यावर देतात ती 'सबलिंग्वल' गोळी गिळायची नसते, जिभेखाली धरायची असते. बाकीचे विसरलात तरी चालेल, हा शब्द माता-भगिनींनी ध्यानात ठेवावाच.

परक्या भाषेचा दरारा आपल्याला नवा नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले. मग डॉक्टरांच्या या चार शब्दांनी आपण का बिचकावे?

तोंडात आपली तीन बोटे उभी जायला हवीत. पुतण्याची दोनच जात. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी नाक्यावर पुडी मिळतेच. आपण सोडली असे तो म्हणतो. डॉक्टरांनी दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक रचून तोंड उघडण्याचा व्यायाम दिला आहे. वहिनी रोज रात्री पट्ट्या मोजतात. गेल्या आठवड्यात एक वाढली.