टिकटिक की ठकठक?

मराठी भाषेत आवाजांसाठी जेवढे शब्द आहेत, तेवढ्या नोटा मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशात असत्या तर तो आज लेख लिहीत बसला नसता. टपटप, सळसळ, खळखळ, कुरकुर, किरकिर, भुणभुण – किती म्हणून सांगावेत! व्याकरणात त्यांना ‘अनुकरणवाचक’ असे भारदस्त नाव आहे आणि अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात कोपऱ्यातली एक जागा आहे. मोल्सवर्थसाहेबांनी 1831 साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, तेव्हा या नादान वाटणाऱ्या शब्दांनाही त्यांनी इतरांच्या पंक्तीला बसवले. आम्ही मात्र परीक्षेत त्यांना दोन गुणांपलीकडे किंमत देत नाही. कवितेत नाद येतो, एवढाच त्यांचा उपयोग वर्गात सांगितला जातो. त्यांचा दुसरा आणि फार मोलाचा उपयोग मला दाखवला तो कोणा भाषाशास्त्रज्ञाने नव्हे; चाकणच्या एका मोटार-मिस्त्र्याने.

चाकण म्हटले की जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक कांद्याचा बाजार आणि दुसरा संग्रामदुर्ग. 1660 साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने थोपवून धरले, तोच हा भुईकोट. नव्या माणसांना आठवतात ते कारखाने. 1999 पासून बजाजच्या दुचाकी येथून बाहेर पडू लागल्या. 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ महिंद्राचा. कोऱ्या मोटारी ट्रेलरवर बसून नवरीसारख्या पुणे-नाशिक रस्त्याने सासरी जातात. आणि त्याच रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, म्हाताऱ्या मोटारींचे दवाखाने चालतात.

आमची मोटार या दुसऱ्या वर्गातली. आमची म्हणजे खरे तर वडिलांची. पिंपरीच्या कारखान्यात उभा जन्म काढल्यावर निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती. 2024 च्या वैशाखात ते गेले आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली ती राहिलीच. एक अख्खा पावसाळा तिने ओलीत काढला. आई मात्र दर गुरुवारी खाली उतरून तिच्यावरून फडके फिरवी. देवांच्या तसबिरी पुसाव्यात तशी ती काच पुसे आणि काही न बोलता वर येई.

वर्ष उलटल्यावर नाशिकची ताई म्हणाली, “उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा विकून टाका.” बोलणे रास्त होते. नवी बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. इंजिन खाकरले, धरले, आणि मग सुरू झाली ती टिकटिक! एका मोठ्या वर्कशॉपमधल्या तरुणाने मान हलवली आणि “इंजिन खोलावे लागेल, पन्नास-साठ हजारांची तयारी ठेवा,” असे सांगून टाकले. गाडी घ्यायला आलेल्या दलालाने ही टिकटिक ऐकताच भाव निम्म्यावर आणला. “भंगारातच जायची ही,” असेही तो बोलला. आई दारातच उभी होती. त्या गुरुवारी ती फडके घेऊन खाली गेली नाही. मला त्या पन्नास हजारांपेक्षा हे अधिक लागले.

म्हणून मी मिस्त्र्याला घरी बोलावून आणले. पन्नाशीचा माणूस, खेड तालुक्यातलाच. त्याने बॉनेटला हात लावण्याआधी मला विचारले, “सर, आवाज कसा येतोय? टिकटिक की ठकठक?”

मी म्हणालो, “टिकटिक.”

“मग घाबरू नका. ठकठक असती तर किल्लीसुद्धा फिरवू दिली नसती.”

आणि मग त्याने जे सांगितले ते मी वर्गातल्या विद्यार्थ्यासारखे ऐकले. बारीक, कोरडी टिकटिक ही बहुधा इंजिनाच्या वरच्या मजल्यावरची. जड, खोल ठकठक तळमजल्यावरची, म्हणजे बेअरिंगची. ती ऐकली की इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. चिरचिर पट्ट्याची, खडखड सैल पत्र्याची, फुसफुस गळतीची. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात या शब्दांची यादी होती. त्यांचे पत्ते नव्हते!

प्रथम त्याने सपाट जागी, बंद इंजिनात तेलाची पट्टी घालून पाहिली. पातळी ठीक होती. तेल काळे पडले होते. पण गाडी चालली नाही म्हणून तेल तरुण राहत नाही, वर्षाला ते बदललेच पाहिजे, असे त्याने मला बजावले. उंदरांनी घरटे केले आहे का, तारा कुरतडल्या आहेत का, हेही पाहिले. मग इंजिन सुरू केले. पहिले काही क्षण वरून नुसता कलकलाट झाला आणि विरला. तो म्हणाला, “हे टॅपेट. उभ्या गाडीत त्यांच्यातले तेल खाली उतरते. पंपाने पुन्हा वर चढवले की गप्प बसतात. तेलाचा लाल दिवा विझला, तर यात काळजी नाही.”

पण एक टिकटिक मागे उरली. येथे खरी गोम होती. इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप त्याच्या निम्म्या वेळा, म्हणजे 400 वेळा उघडते. सेकंदाला सहा-सात टिचक्या. परंतु एखाद्या नळकांड्याचा धूर फटीतून निसटत असेल, तर तोही मिनिटाला 400 वेळाच निसटतो. पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरांचा ठेकाही तोच. तीन निरनिराळे गवई आणि ताल एकच! नुसत्या मात्रा मोजून चोर सापडणार कसा?

मिस्त्र्याने एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. फिरत्या पंख्यापासून हात राखून त्याचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1816 साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला; हा त्याचाच चाकणचा भाऊबंद. इंजेक्टर चारही सारखेच बोलत होते. झडपांवरचे झाकण जवळजवळ मुके होते. धूर बाहेर नेणाऱ्या भागाजवळ मात्र आवाज मोठा झाला. “आता दहा मिनिटे थांबा,” तो म्हणाला.

आम्ही थांबलो. इंजिन तापत गेले आणि टिकटिक हळूहळू बारीक होत नाहीशी झाली. लोखंड तापले की फुगते आणि फट आपली आपणच मिटते. थंड गाडीत टिकटिक आणि तापल्यावर शांतता, ही या गळतीची मोठी खूण. इंजिन निवल्यावर त्याने मला जोडावर उमटलेला काजळीचा ओघळ दाखवला. पावसाळ्यातल्या ओलीने दोन बोल्ट गंजून सैल झाले होते आणि मधले गॅस्केट फुंकले गेले होते. इंजिन खोलण्याचे काही कारणच नव्हते.

“पण हे असेच सोडायचे नाही,” तो म्हणाला. त्याचे खरे होते. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास, आणि तो गाडीत शिरला तर जिवावर बेतते.

दोन दिवसांत काम झाले. खर्च त्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्यातही आला नाही. जाताना मिस्त्री आईला म्हणाला, “काकू, गाडी उभी ठेवायची असेल तर जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करू नका. तेल तापत नाही, पाणी नळीतच राहते आणि गंज धरतो. आठवड्यातून एकदा चांगली वीस मिनिटे फिरवून आणा.”

आईने विचारले, “म्हणजे आतून चांगली आहे ना?”

“एकदम धडधाकट. इंजिन अजून लाखभर किलोमीटर बघत नाही.”

संध्याकाळी आम्ही आईला घेऊन तळेगावच्या रस्त्याने हिंडून आलो. वडील बसत त्या जागी मी होतो; शेजारी ती. गाडीत कसलाही आवाज नव्हता म्हणून की काय, आम्हीही फारसे बोललो नाही. घरी आल्यावर तिनेच विषय काढला. “आता द्या कुणाला तरी. खुशाल द्या.”

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले. जिच्यासाठी एवढी धडपड केली, ती गाडी आता हीच काढायला सांगत होती!

“ठेवायची म्हणून का मी पुसत होते?” ती म्हणाली. “त्यांची वस्तू आजारी म्हणून, पडत्या भावात जायला नको होती, एवढेच.”

पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका शिक्षिकेने ती घेतली, आणि योग्य किंमत देऊन घेतली. सकाळी साडेसहाला ती शाळेला निघते. त्या वेळी आई देवापुढे असते. पण खाली इंजिन सुरू झाले की तिची घंटा जरा थांबते. ती कान देऊन ऐकते, आणि आवाज नीट आहे अशी खात्री झाली की आरती पुढे चालू होते.