खडा फुटतो, मग?

"डॉक्टर, लेसरनेच काढणार ना?" सीटी स्कॅनचं पाकीट टेबलावर ठेवायच्या आधीच मुतखड्याचे पेशंट हल्ली हे विचारतात. मी आधी खडा कुठे बसलाय, केवढा आहे, किती टणक आहे ते बघतो.

म्युनिकमध्ये १९८० साली शरीराबाहेरून शॉकवेव्हचे धक्के देऊन पहिल्यांदा पेशंटचा खडा फोडला गेला. तेव्हापासून खडा फुटतो की नाही, ही चिंता कमी झाली. फुटलेले तुकडे जाणार कुठे, ही वाढली. शॉकवेव्हनंतर ते पेशंटलाच लघवीवाटे टाकावे लागतात. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातले तर पुष्कळदा तिथेच ठाण मांडून बसतात.

मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खडा आतच फोडायचा, तर एक साधन लिथोक्लास्ट, म्हणजे पाथरवटाची छिन्नीच. हवेच्या दाबाने आतली गोळी सळईवर आपटते, सळई खड्यावर. उष्णता नाही, म्हणून मूत्रनलिकेचं अस्तर भाजत नाही. सळई पुन्हापुन्हा वापरता येते, खर्च कमी. पण त्याच ठोक्याने खडा कधीकधी निसटून वर मूत्रपिंडात जातो आणि ही ताठ सळई तिथे वळून त्याला गाठू शकत नाही.

लेसरची तार वळते. होल्मियम लेसर कुठल्याही जातीचा खडा फोडतो. नवा थुलियम फायबर लेसर १.९४ मायक्रॉन तरंगलांबीचा, हा प्रकाश पाणी फार चटकन शोषून घेतं. खडा कमी ढकलला जातो, चुरा पिठासारखा बारीक. तार इतकी पातळ की दुर्बिणीत पाणी खेळायला जागा उरते. आणि पाणी हवंच, नाहीतर आतलं तापमान वाढतं. त्यात चुरा एवढा उडतो की काही दिसत नाही. पाय पेडलवरून काढून थांबावं लागतं. लेसर कंपनीची माणसं काचेच्या भांड्यात कृत्रिम खडा फोडून दाखवतात, तेव्हा छान वाटतं. भांडं श्वास घेत नाही. मूत्रपिंड प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होतं.

दोन सेंटिमीटरहून मोठा खडा असेल, तर मी सहसा पाठीतून छिद्र करून आत शिरतो. तिथे मला पोकळ सळईचं अल्ट्रासॉनिक यंत्र आवडतं: घासतं आणि चुरा लगेच ओढूनही घेतं. मात्र अतिटणक खडा त्याला दाद देत नाही. मग सिस्टरना लिथोक्लास्ट जोडायला सांगतो आणि तुकडे चिमट्याने एकेक करून बाहेर काढतो.