दिवेलागणीला जाणारा कॅमेरा

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण सगळ्यात आधी विचारतो, "काय बिघडलं?" ३३ वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर माझं मत असं झालंय की आधी "केव्हा बिघडतं?" असं विचारावं. मुलगा शुद्धलेखनात नापास होतो एवढंच कळून उपयोग नसतो. तो ऱ्हस्व-दीर्घात अडतो की जोडाक्षरात, हे कळलं की निम्मं काम झालं.

बाईंना परत शाळा आठवली, असं म्हणू नका मंडळी. आजचा विषय कॅमेऱ्यांचा आहे.

साताऱ्यातल्या आमच्या घराला ४ कॅमेरे आहेत. फाटक, मागचं दार, जिना आणि हॉल. हे गेल्यानंतर मुलानं बसवून घेतले. तो टोरोंटोला, मी इथं एकटी. आमची संध्याकाळ होते तेव्हा त्याची सकाळ असते, आणि तिकडे चहा पिता पिता तो मोबाइलवर आमचं फाटक बघतो.

हे कॅमेरे वायरवाले आहेत. प्रत्येकापासून एक केबल निघते आणि जिन्याखालच्या कपाटातल्या रेकॉर्डरला जाऊन मिळते. गंमत अशी, की ज्या केबलमधून चित्र आत येतं त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज बाहेर जाते. याला पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई म्हणतात. त्याचं पहिलं मानक २००३ साली ठरलं. त्याप्रमाणे एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, आणि केबल १०० मीटरपर्यंत लांब चालते. आमच्या फाटकाची केबल जेमतेम ३५ मीटर. म्हणजे लांबीचा प्रश्न नव्हता.

तर झालं असं, की जुलैत फाटकाचा कॅमेरा रोज संध्याकाळी जायला लागला. सकाळी उठून बघावं तर चित्र लख्ख! बसवणाऱ्यांचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी. दुपारी कॅमेरा अगदी गुणी बाळ. पहिल्यांदा तो म्हणाला, आयपी ॲड्रेस एकमेकांना धडकत असतील. दुसऱ्यांदा म्हणाला, सिस्टिम जुनी झालीय, सगळंच बदला. शेजारच्या काकू म्हणाल्या, उंदीर. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, राउटर बंद करून चालू कर." तेही केलं. फरक शून्य.

आणि मग एके दिवशी तो हळूच म्हणाला, "आई, एका कॅमेऱ्याचा एवढा व्याप. एवढं मोठं घर तुला एकटीला आता झेपणार आहे का?" पुण्यात एक फ्लॅट त्यानं बघून ठेवलाय, हे मला सुनेकडून आधीच कळलं होतं. मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तो बिघाड नुसता कॅमेऱ्याचा राहिला नाही.

मी एक जुनी वही काढली आणि वेळा लिहायला लागले. सोमवारी ७.२४, मंगळवारी ७.२६, बुधवारी ७.२३. गुरुवारी आभाळ गच्च भरून आलं होतं, त्या दिवशी ६.५०. इथं मला दिवा लागला. घड्याळाप्रमाणे जात असता तर गुरुवारीही सव्वासातनंतरच गेला असता. म्हणजे त्याचं नातं घड्याळाशी नव्हतं, अंधाराशी होतं.

आयपी ॲड्रेसचा संशय इथंच गळला. आयपी ॲड्रेस म्हणजे हजेरीपटावरचा नंबर. दोन मुलांना एकच नंबर दिला तर दोघंही "हजर" म्हणून ओरडतात आणि गोंधळ होतो, हे खरं. पण तो गोंधळ काही दिवेलागणीची वाट बघत बसत नाही.

अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आपल्या डोळ्यांना तो उजेड जवळजवळ दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. म्हणून तर रात्रीचं चित्र काळं-पांढरं असतं. पण हे दिवे लागले की त्याला वीज जास्त लागते.

मग भर दुपारी बारा वाजता माळीदादांना स्टुलावर चढवलं आणि ह्यांच्या जुन्या छत्रीचं काळं कापड कॅमेऱ्यावर गुंडाळायला सांगितलं. मी आत पडद्यासमोर. आधी काळोख, मग पांढुरका धूर, मग काहीच नाही! कापड काढल्यावर दोन मिनिटांत चित्र परत. तीनदा केलं, तीनदा तेच.

आता संशयित तीन होते: कॅमेरा, केबल आणि रेकॉर्डरचा पोर्ट. माझा एक जुना विद्यार्थी इलेक्ट्रिकची कामं करतो, तो रविवारी आला. "बाई, तुम्ही नुसतं सांगा," म्हणाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढाच नियम. फाटकाची केबल रेकॉर्डरच्या दुसऱ्या पोर्टला लावली, कापड टाकलं, कॅमेरा गेला. म्हणजे पोर्ट निर्दोष. फाटकाचा कॅमेरा घरात आणून मीटरभर केबलवर जोडला, कापड टाकलं, अर्धा तास चालला. म्हणजे कॅमेराही निर्दोष. शेवटी हॉलमधला कॅमेरा उतरवून फाटकाच्या केबलला लावला. कापड टाकताच तोही गेला. उरली केबल.

कुंपणाच्या भिंतीवर बोगनवेलीच्या आड केबलला एक जोड निघाला, वरून नुसती टेप गुंडाळलेली. आत पावसाचं पाणी आणि पांढरी-हिरवी भुकटी. त्यानं एक तार ब्लेडनं खरवडली. वर तांबं, आत पांढरं. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! ॲल्युमिनियममध्ये विजेला तांब्याच्या दीडपटीहून जास्त अडथळा होतो. तरी ३५ मीटरला ते निभावून गेलं असतं. खरा घात ओल्या जोडानं केला. दिवसा कॅमेऱ्याला थोडी वीज लागे, ती कशीबशी पोचे. रात्री मागणी वाढली की व्होल्टेज पडे आणि कॅमेरा बंद होई. मग तो पुन्हा सुरू होई, पुन्हा दिवे लावी, पुन्हा बंद पडे. हे रात्रभर.

संपूर्ण तांब्याची, बाहेर वापरायची अखंड केबल पाइपातून टाकून घेतली. सगळं बदलायचा जो आकडा सांगितला होता, त्याच्या पुढं हा खर्च किरकोळच. त्या रात्री मी साडेदहापर्यंत जागी राहून रिकामं फाटक बघत बसले.

हॉलचा कॅमेरा उतरवलेलाच होता. तो परत चढवायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

रात्री मुलाला सांगितलं, "फाटक बघ, मागचं दार बघ. उद्या मी पडलेझडले तर म्हणून जिनाही बघ. पण हॉलमध्ये मी पाय पसरून बसते, ह्यांच्या फोटोशी दोन शब्द बोलते. तेवढं माझं मला राहू दे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "बरं. पण सकाळी उठलीस की फोन करायचा. रोज." कबूल केलं. फ्लॅटचा विषय त्यानंतर निघालेला नाही. निघेल तेव्हा बघू.

ज्यांच्या घरी असे कॅमेरे आहेत त्यांना एवढंच सांगेन: केबल घेताना टोक खरवडून आतलं तांबं बघून घ्या, उघड्यावर जोड ठेवू देऊ नका, आणि "सगळं बदला" असं कोणी म्हणालं तर त्याला आधी विचारा, बिघडतं केव्हा?

हॉलमधला तो चौथा कॅमेरा आता मागच्या अंगणात पेरूच्या झाडाकडे तोंड करून लावलाय. परवा टोरोंटोहून फोन आला, "आई, वरच्या फांदीवरचे पेरू पिकलेत, माकडं यायच्या आत काढून घे."