रेल्टन रोडवरच्या बायका

लंडनची व्हिक्टोरिया लाइन जिथे संपते ते ब्रिक्स्टन. मराठवाड्यातल्या सेलूहून येऊन लंडनला राहिलेला माणूस इकडे फिरकतो तो बहुतेक बाजारासाठी. भेंडी, रताळी, हिरव्या मिरच्या पिशवीत पडल्या की लगेच परतीची गाडी. त्याच बाजाराला लागून असलेल्या रस्त्यांवर सुटीच्या दिवशी एखाद्या साध्याशा दारासमोर दहा-पंधरा जणांचा घोळका दिसतो. ‘ब्लॅक हिस्टरी वॉक्स’सारख्या संस्था लंडनभर अशा पायी फेऱ्या काढतात. ब्रिक्स्टनची फेरी मात्र बायकांसाठी करावी. इथल्या काळ्या लोकांच्या चळवळीचा मोठा भार त्यांनी उचलला आहे.

सुरुवात विंडरश चौकातून. 22 जून 1948 रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं टिलबरीला उतरली. (तेव्हा सेलूवर निजामाचा अंमल होता, तो संपायला सप्टेंबर उजाडला.) ज्यांची राहायची सोय नव्हती त्यांना क्लॅपहॅमच्या भुयारी निवाऱ्यात ठेवलं. तिथून जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होतं. काम शोधायला आलेले मग आसपासच खोल्या घेऊन राहिले.

त्यांना वर्तमानपत्र दिलं ते क्लॉडिया जोन्सने. त्रिनिदादमध्ये जन्मलेली आणि कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकून 1955 मध्ये हाकललेली ही बाई. 250, ब्रिक्स्टन रोडला एका रेकॉर्डच्या दुकानावरच्या खोलीत तिने 1958 मध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केलं. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये काळ्यांवर हल्ले झाले. तिने उत्तर म्हणून जानेवारी 1959 मध्ये सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्निव्हल भरवला. दंगलीला नाचगाण्याने उत्तर द्यायचं तर छाती लागते. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी तिची कबर आहे. मार्क्सचे फोटो काढणाऱ्या मराठी पर्यटकांनी जरा बाजूलाही पाहायला हरकत नाही.

चौकातून रेल्टन रोडला वळलं की 121 नंबरचं घर येतं, आणि घोळका इथे रेंगाळतो तो ऑलिव्ह मॉरिससाठी. जमैकात जन्मलेली ही मुलगी लहानपणीच लंडनला आली. नोव्हेंबर 1969 मध्ये जवळच्याच अटलांटिक रोडवर पोलिसांनी एका नायजेरियन राजनैतिक अधिकाऱ्याला त्याच्याच मर्सिडीजपाशी धरलं. काळ्या माणसाकडे मर्सिडीज म्हणजे ती चोरीचीच, असा त्यांचा हिशेब. सतरा वर्षांची ऑलिव्ह मध्ये पडली, पोलिसांचा बेदम मार खाल्ला आणि तिलाही अटक झाली. पुढे लिझ ओबी या मैत्रिणीबरोबर तिने 121 नंबरच्या रिकाम्या घराचा ताबा घेतला. तिथे काळ्या लेखकांच्या पुस्तकांचं ‘सबार’ हे दुकान चाललं. ती घराच्या छपरावर चढतानाचा फोटो ‘स्क्वॉटर्स हँडबुक’च्या मुखपृष्ठावर आला. 1973 मध्ये ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप उभारण्यात ती पुढे होती. 1979 मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. नगरपालिकेने एका इमारतीला तिचं नाव दिलं. ती इमारत आता पाडली गेली आहे. ब्रिक्स्टन पाउंड या स्थानिक चलनाच्या नोटेवर मात्र तिचा चेहरा छापला गेला.

इथून थोडं पुढे ‘रेस टुडे’ मासिकाची जुनी जागा. ते चालवणाऱ्या गटात पुण्याचे फारुख धोंडी होते आणि पुढे फूलनदेवीवर पुस्तक लिहिणाऱ्या माला सेनही. आपली माणसं इथे काय करत होती, असं वाटू शकतं. पण त्या काळात ब्रिटनमधले बरेच आशियाई कार्यकर्ते स्वतःला राजकीय अर्थाने ‘ब्लॅक’च म्हणवत. 1978 मध्ये ‘ओवाड’ ही आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची संघटना झाली. पुढच्याच वर्षी तिची पहिली राष्ट्रीय परिषद ब्रिक्स्टनला भरली. लग्नासाठी आलेल्या एका भारतीय बाईची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाल्याची बातमी त्याच वर्षी फुटली. या बायका निषेधाला थेट विमानतळावर जाऊन बसल्या. आज व्हिसा दाखवून तिथून सहज बाहेर पडणाऱ्या मराठी मुलींनी हे ऐकलेलंच नसतं.

मराठवाड्यातही 1979 साल असंच धगधगतं होतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यावं या नामांतराच्या मागणीसाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला तो त्याच नोव्हेंबरात. आदल्या वर्षी परभणीसह सारा मराठवाडा दंगलीत होरपळला होता. या लढ्यातल्या बायका कोणत्या गल्लीत राहत, कुठे सभा घेत, हे सेलूत किंवा परभणीत फिरताना कोण दाखवतं? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर गाठून त्यांच्या तोंडून ऐकलं आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. ब्रिक्स्टनमधल्या तिघींचं ‘द हार्ट ऑफ द रेस’ आलं 1985 मध्ये. काम एकाच जातीचं. फरक इतकाच, की लंडनमध्ये पुस्तकातले पत्ते आता रस्त्यावर उभं राहून दाखवले जातात.

नामांतराच्या मोर्च्यात चाललेल्या तेव्हाच्या तरुण मुली आज सत्तरीच्या आसपास आहेत. सेलूच्या शाळा-कॉलेजांनी यंदा मुलांना वही आणि मोबाइल देऊन त्यांच्याकडे धाडावं. रस्ता कोणता, घर कोणतं, सभा कुठे, एवढं तरी विचारून घ्यावं.