बांधीतला उजेड

गेल्या दिवाळीत साकोलीजवळ मामांकडे गेलो होतो. भाऊबीजेला मामेबहिणीने बंगळूरहून मोबाइलच्या पडद्यावरच मला ओवाळले. ते होताच मामांनी विचारले, "काचेच्या तारेतून उजेड येते म्हणतोस, मग पोरीचा आवाज कोठून आला गा?"

मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर! सांगू लागलो, "तारेच्या टोकाला एक इवलासा डोळा असतो, फोटोडायोड. उजेड लुकलुकला की तो तशीच वीज सोडतो. तिचाच पुढे आवाज नि चित्र होते. डोळा चपळ हवा तर त्याचा थर पातळ हवा, म्हणजे वीज चटकन पार होते. पण थर पातळ केला, की बराचसा उजेड न मुरताच आरपार जातो. लांबच्या तारेतला उजेड तर सिलिकॉनला दिसतच नाही. तिथे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड लागते. जवळच्या तारांसाठी मात्र डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली सिलिकॉनच्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रे पाडली. उजेड आडवा वळला, थरातच मुरला, आणि सेकंदाला २० अब्ज किंवा त्याहून अधिक खुणा टिपता याव्यात, अशी त्या डोळ्याची रचना होती!"

"हे तर आमच्या बांधीवानी झालं!" मामा हसले. "पाणी सरळ सुटलं तर वाहून जाते. धुऱ्यानं अडवून आडवं फिरवलं की मुरते."

मी थक्कच झालो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मामा दोन वर्षे टाळत होते. क्षणभराने हळूच म्हणाले, "पडद्यावर पोरगी नीट दिसली नाही गा. तुळशीच्या लग्नानंतर भंडाऱ्याला नेशील काय?"